महापौरांचे शहर, आयुक्तांचा कारभार

मुंबईच्या नकाशावर माजी महापौरांची नावे विपुल आढळतात. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा रस्ता डॉ. ई. मोझेस यांच्या नावाचा आहे. फोर्टमधील एक रस्ता नगीनदास मास्टर यांचा, तर मशीद बंदरच्या बाजारपेठेतील एक रस्ता युसुफ मेहेरअली यांचा. समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवरील ज्या टोकाला सारा देश नरीमन पॉइंट म्हणून ओळखतो, ते खुर्शेद फ्रामजी नरीमन यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. हे चौघेही या शहराचे महापौर होते. या रस्त्यांवरून रोज लाखो माणसे जातात. परंतु ही मंडळी कोणत्या पदावर होती आणि त्या पदावरून त्यांना काय करता आले, हे सांगणारा मुंबईकर शोधूनही सापडणे कठीण आहे. या विस्मरणाबद्दल नागरिकांच्या बेपर्वाईला बोल लावणे सोपे आहे. परंतु त्याचे खरे मूळ त्या पदाच्या घडणीतच आहे.

या घडणीचा प्रत्यय अलीकडेच आला. ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. मधली जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिकेला ना नगरसेवक होते, ना महापौर. या काळात नळाला पाणी येत होते, कचरा उचलला जात होता, रस्ते खोदले जात होते आणि बुजविलेही जात होते. महापौर नाही म्हणून शहराचे एखादे काम अडले, असे कोणालाही जाणवले नाही. ही गोष्ट प्रशासनाला भूषणावह मानावयाची की लोकशाहीला लाजिरवाणी, हा प्रश्न आता तरी विचारला पाहिजे. आणि त्याचे उत्तर देण्यासाठी दीडशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते.

दुभंगलेल्या सत्तेचा वारसा

१८५८ च्या कायद्याने मुंबईचा नागरी कारभार तीन कमिशनरांच्या मंडळाकडे सोपविण्यात आला होता. तिघांकडे अधिकार आणि जबाबदारी मात्र कोणा एकाचीच नाही, अशी ही व्यवस्था अपेक्षेप्रमाणे फसली. तिच्यावरील उपाय म्हणून १८६५ च्या कायद्याने सारी कार्यकारी सत्ता एकाच म्युनिसिपल कमिशनरच्या हाती एकवटली आणि आर्थर क्रॉफर्ड या जागेवर आले. क्रॉफर्ड हे तडफेचे अधिकारी होते. त्यांच्या नावाची मंडई आजही त्यांच्या धडाडीची साक्ष देते. पण खर्चाचा हात इतका सैल की, काही वर्षांतच नगरपालिकेची तिजोरी रिकामी झाली आणि १८७१ मध्ये करदात्यांनी उघड बंड पुकारले.

या बंडाच्या धामधुमीत फिरोजशहा मेहता या तरुण बॅरिस्टराने घेतलेली भूमिका लोकमताच्या विरुद्ध होती आणि म्हणूनच ती मुळातून समजून घेण्याजोगी आहे. संतप्त करदात्यांना कमिशनरचे पदच नकोसे झाले होते. त्याऐवजी समितीचा कारभार हवा, असे अनेकांचे म्हणणे होते. फिरोजशहांनी या मागणीला विरोध केला. कार्यकारी सत्ता एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असणे ही चूक नव्हे. त्या अधिकाऱ्यावर लोकांनी निवडलेल्या सभेचा अंकुश नाही हा खरा दोष आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांचे कॉर्पोरेशन अस्तित्वात आले आणि त्यांतील निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. पुढे १८८८ च्या कायद्याने, ज्याच्या घडणीत फिरोजशहांचा मोठा वाटा होता, ही रचना पक्की केली. सभासदांची संख्या बहात्तर झाली. कॉर्पोरेशन, स्थायी समिती आणि कमिशनर असे तीन अधिकारी घटक ठरले. मुंबई महानगरपालिकेचा कारभार आजही याच कायद्याच्या चौकटीत चालतो.

या तीन घटकांत सभेच्या अध्यक्षाला स्वतंत्र स्थान नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सभा बोलवावी, तिचे नियमन करावे, मते समसमान पडली तर निर्णायक मत द्यावे, एवढेच त्याचे कायदेशीर काम. फिरोजशहा स्वतः १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ असे चार वेळा कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. परंतु त्यांचे वर्चस्व अध्यक्षाच्या खुर्चीवर अवलंबून नव्हते. सभागृहातील कोणत्याही बाकावर बसून ते कमिशनरच्या अंदाजपत्रकाची चिरफाड करू शकत. १९०७ मध्ये त्यांना कॉर्पोरेशनबाहेर ठेवण्यासाठी युरोपियन अधिकाऱ्यांच्या एका गटाने पद्धतशीर कारस्थान रचले. एका सभासदाला दूर ठेवण्यासाठी सत्ताधाऱ्यांना इतका खटाटोप करावा लागला, यावरून त्या काळी सभेचा अंकुश किती टोचत होता, याची कल्पना येते.

पदवी बदलली, पद बदलले नाही

अध्यक्षाला महापौर म्हणावे असे ठरले ते १९३१ मध्ये. जे. बी. बोमन-बेहराम हे मुंबईचे पहिले महापौर. विठ्ठलभाई पटेलांसारखा मातब्बर नेता त्याआधीच अध्यक्षपद भूषवून मध्यवर्ती विधिमंडळाच्या अध्यक्षपदावर गेला होता. ‘मेयर’ या इंग्रजी शब्दाला मराठीत मिळालेला ‘महापौर’ हा प्रतिशब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीची देणगी. पौर म्हणजे नगरवासी. त्यांच्यात जो अग्रणी तो महापौर. सावरकरांनी शब्द मोठा अर्थपूर्ण घडविला. कायद्याने मात्र या अग्रणी नागरिकाला पुढे चालण्याचा मान दिला, मार्ग ठरविण्याचा अधिकार दिला नाही. पदवी नवी आली; अध्यक्षाचे अधिकार होते तेवढेच राहिले.

असे असूनही या काळातील महापौरांची नामावळी तेजस्वी आहे. १९३५ मध्ये महापौर झालेल्या नरीमन यांनी त्यापूर्वीच बॅक बे भरणी योजनेतील गैरव्यवहार चव्हाट्यावर आणून सरकारला घाम फोडला होता. त्याच भरणीच्या जमिनीला पुढे त्यांचे नाव मिळावे, हा इतिहासाचा न्याय म्हटला पाहिजे. १९३७ मध्ये ज्यू समाजातील डॉ. मोझेस महापौर झाले. युसुफ मेहेरअली यांचे नाव महापौरपदासाठी पुढे आले तेव्हा ते कारावासात होते. आणि ज्या १९४२ साली ते महापौर झाले, त्याच वर्षी गोवालिया टँकवरून निघालेल्या ‘भारत छोडो’ या घोषणेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. पाठोपाठ मिनू मसानी आणि नगीनदास मास्टर आले. पारशी, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू अशा निरनिराळ्या समाजांतील व्यक्तींकडे हे पद आळीपाळीने जावे, असा संकेत त्या काळी पाळला जाई. अनेक धर्मांच्या आणि भाषांच्या माणसांनी उभारलेल्या शहराला तो शोभून दिसे.

या नामावळीतून एक निष्कर्ष मात्र अटळपणे निघतो. ही माणसे महापौर झाली म्हणून मोठी झाली नाहीत. ती आधीच मोठी होती आणि त्यांच्यामुळे खुर्चीला काही काळ तेज आले. स्वातंत्र्यलढ्याच्या वातावरणात ते तेज खुलून दिसले. लढा संपल्यावर खुर्चीचे मूळ रूप पुन्हा उघडे पडले.

सत्तेची पायरी

१९४८ मध्ये प्रौढ मतदानाच्या तत्त्वावर पहिली निवडणूक झाली आणि महापालिका खऱ्या अर्थाने सर्व नागरिकांची झाली. १९४९ पासून लागोपाठ तीन वेळा महापौर झालेले स. का. पाटील पुढे केंद्रीय मंत्रिमंडळात गेले. १९५६ मध्ये सुलोचना मोदी यांच्या रूपाने मुंबईला पहिल्या महिला महापौर मिळाल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने १९५७ मध्ये महापालिकेतील सत्तापालट घडविला. समितीच्या वतीने प्राचार्य मो. वा. दोंदे आणि त्यांच्यानंतर मीरत खटल्यातील एक आरोपी, कामगारनेते एस. एस. मिरजकर हे महापौर झाले. ज्या शहराच्या नगरसभेत एके काळी जमीनदार, व्यापारी आणि बॅरिस्टर यांचाच वावर होता, त्याच्या प्रथम नागरिकाच्या खुर्चीवर गिरणगावाचा नेता बसला, ही घटना सामाजिकदृष्ट्या लहान नव्हती. १९७१ मध्ये डॉ. हेमचंद्र गुप्ते यांच्या रूपाने शिवसेनेचा पहिला महापौर झाला. सुधीर जोशी, मनोहर जोशी, छगन भुजबळ ही त्यानंतरची नावे सर्वपरिचित आहेत.

यांतील मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि लोकसभेचे सभापती झाले, तर भुजबळ उपमुख्यमंत्री. महापौरपदाचा हाच खरा उपयोग राहिला होता. ज्याला सत्ता हवी त्याने येथून लवकरात लवकर पुढे सरकावे, अशी ही पायरी होती. विसाव्या शतकाच्या जवळजवळ अखेरपर्यंत महापौराची मुदत एकच वर्ष होती. त्या वर्षातील पहिले काही महिने सत्कारात आणि शेवटचे काही महिने उत्तराधिकाऱ्याच्या चर्चेत जात. त्यानंतर ही मुदत अडीच वर्षांची झाली आणि आरक्षणाच्या फिरत्या चक्रामुळे समाजाच्या अनेक थरांना हे पद खुले झाले. हे योग्यच झाले. परंतु ज्या पदाची दारे रुंद झाली, त्या पदाच्या हाती द्यावयाचे अधिकार मात्र जागच्या जागी राहिले. दुर्बळ घटकांना मान मिळाला, सत्ता मिळाली नाही.

दुसऱ्या बाजूने शहराचे क्षेत्र आणि प्रश्न वाढत होते. १९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे सामावून घेत महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. एकीकडे महापालिकेने मोठी कामे केली होती, हे नाकारता येणार नाही. तानसाचे पाणी तिने शहरात आणले, १९२६ मध्ये के. ई. एम. रुग्णालय उभारले, ७ ऑगस्ट १९४७ रोजी वीज व वाहतुकीची कंपनी ताब्यात घेऊन ‘बेस्ट’ लोकांच्या मालकीची केली. दुसरीकडे राज्य सरकार एकेक विषय तिच्या कक्षेबाहेर नेत होते. महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७५ मध्ये आले. गृहनिर्माणाचे प्राधिकरण १९७७ मध्ये आणि झोपडपट्टी पुनर्वसनाचे १९९५ मध्ये स्थापन झाले. पाठोपाठ रस्ते विकास महामंडळही आले. या संस्था मुंबईकरांना उत्तरदायी नाहीत. त्या मंत्रालयाला उत्तरदायी आहेत.

हा प्रकारही नवा नाही. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट असाच कॉर्पोरेशनच्या डोक्यावरून आणला होता. लोकप्रतिनिधींच्या दीर्घ नाराजीनंतर १९३३ मध्ये तो महापालिकेत विलीन करण्यात आला. परकीय सरकारने पस्तीस वर्षांनी का होईना, सुधारलेली चूक स्वकीय सरकारांनी एकामागून एक अशा अनेक प्राधिकरणांच्या रूपाने पुन्हा करावी, हे आश्चर्यकारक आहे.

तिजोरी आणि मत

या सर्व रचनेचा आर्थिक अंगाने विचार केला तर तिचा मूलभूत दोष स्पष्ट होतो. कर देणारा, खर्च करणारा आणि जाब देणारा यांच्यात सरळ नाते असणे, हे स्थानिक स्वराज्याचे पहिले सूत्र. मुंबईत हे नाते मध्येच तुटलेले आहे. ज्याच्या हाती तिजोरी आहे, त्या आयुक्ताला मते मागावी लागत नाहीत; जो मते मागतो त्या महापौराच्या हाती तिजोरी नाही. रस्त्यावरील खड्ड्यांबद्दल नागरिक नगरसेवकाला जाब विचारतो, नगरसेवक महापौराकडे बोट दाखवितो, महापौर आयुक्तांना पत्र लिहितो, आणि आयुक्तांची नेमणूक व बदली राज्य सरकारच्या मर्जीवर अवलंबून असते. राज्य सरकारला तर विदर्भापासून कोकणापर्यंतच्या मतदारांचे कौल सांभाळावयाचे असतात. मुंबईच्या गटारांवर कोणतेही सरकार पडत नाही.

२०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. गोव्यासारख्या राज्याच्या अर्थसंकल्पाहून कितीतरी मोठी असलेली ही रक्कम प्रशासकीय राजवटीत मांडणारे आणि मंजूर करणारे अधिकारी एकाच यंत्रणेतील होते. करांच्या बाबतीतही हीच गत. जकात हे महापालिकेचे स्वतःचे आणि हुकमी उत्पन्न होते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, जकात गेली आणि तिच्या जागी राज्याकडून मिळणारी भरपाई आली. जकातीच्या दोषांचे समर्थन कोणी करणार नाही; परंतु स्वतःच्या उत्पन्नाकडून दुसऱ्याच्या हप्त्याकडे झालेला हा प्रवास म्हणजे स्वायत्ततेचा संकोच होय.

फिरोजशहांनी १८७१ मध्ये जो सौदा मांडला त्याची दोन कलमे होती: समर्थ अधिकारी आणि त्याच्यावर सभेचा अंकुश. पहिले कलम दीडशे वर्षे निष्ठेने पाळले गेले. दुसरे हळूहळू झिजत गेले. महापालिकेच्या एकूण सभासदांपैकी पाच-अष्टमांश सभासदांनी ठराव केला तर आयुक्ताला दूर करावे लागते, अशी तरतूद कायद्यात आजही आहे. पण नगरसभाच अस्तित्वात नसेल तर हे शस्त्र धरावयाचे कोणी? राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने १ जून १९९३ पासून नागरी संस्थांना घटनात्मक दर्जा दिला आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातले. ते बंधन जवळजवळ चार वर्षे मोडले जात राहिले. आरक्षण, प्रभागरचना आणि न्यायालयीन वाद ही त्याची सांगितलेली कारणे होती. ती खोटी नव्हती. परंतु विधानसभेची निवडणूक अशा कारणांनी चार वर्षे लांबली असती, तर राज्यात केवढा गहजब झाला असता!

फसलेला प्रयोग आणि पुढची वाट

महापौराला अधिकार देण्याचा एक प्रयत्न मुंबईने पाहिलेला आहे. कोलकात्यात १९८० च्या दशकापासून चालत आलेली महापौर-परिषदेची पद्धत १९९८ मध्ये मुंबईत आणण्यात आली आणि वर्षभरातच गुंडाळण्यात आली. या अनुभवावरून महापौराच्या हाती सत्ता देणेच चूक, असा निष्कर्ष काढणारे अनेक आहेत. तो घाईचा आहे. एक वर्ष हा कोणत्याही शासनपद्धतीच्या परीक्षेचा काळ नव्हे. फिरोजशहांच्या काळातील सभेला रुळण्यासाठी याहून किती तरी अधिक अवधी मिळाला होता. शिवाय स्थायी समितीचे महत्त्व कमी होत असताना विरोधी सदस्यांच्या हाती अंकुशाचे दुसरे साधन काय राहील, या प्रश्नाचा पुरेसा विचार झाला नव्हता. अधिकार देणे हा सुधारणेचा अर्धाच भाग असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नगरसेवक आणि ठेकेदार यांचे संबंध सर्वज्ञात असताना, सनदी अधिकाऱ्याच्या हाती तिजोरी आहे म्हणूनच ती शिल्लक आहे, असे अनेक सुजाण नागरिकही मनातून मानतात. या मताची टिंगल करून चालणार नाही. परंतु त्याचा नीट विचार केला तर असे दिसते की, भ्रष्टाचाराला आळा घालण्याचा गुण बिनजबाबदार सत्तेत नसतो. तो हिशेब मागणाऱ्या सभेत आणि दप्तर पाहू शकणाऱ्या नागरिकात असतो. क्रॉफर्ड लोकनियुक्त नव्हते, तरीही तिजोरी रिकामी झाली. ज्याला निर्णय घेण्याचा अधिकार नाही, त्याच्याकडे उरते ते केवळ अडविण्याचे बळ. आणि अडविण्याच्या बळाचीच बाजारात किंमत होते. नगरसेवकांच्या ज्या दुर्गुणांकडे बोट दाखवून त्यांना अधिकार नाकारले जातात, त्यांतील काही त्या नाकारण्यातूनच जन्मलेले आहेत.

तेव्हा सुधारणेची दिशा कोणती असावी? महापौराची मुदत महापालिकेच्या मुदतीइतकी, म्हणजे पाच वर्षांची असावी. अर्थसंकल्प त्याने स्वतः सभागृहापुढे मांडावा आणि त्याच्या यशापयशाचा धनी त्यानेच व्हावे. आयुक्तांची नेमणूक करताना राज्य सरकारने महापालिकेची संमती घ्यावी. स्थायी समितीचे किंवा हिशेब तपासणाऱ्या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यावे. शहराच्या हद्दीत काम करणाऱ्या प्रत्येक प्राधिकरणाने आपल्या योजना आणि जमाखर्च नगरसभेपुढे ठेवावा. आणि मुदत संपल्यावर निवडणूक लांबविण्याच्या साऱ्या पळवाटा बंद व्हाव्यात. थेट जनतेतून महापौर निवडावा की सभागृहातून, हा वाद त्यानंतरचा आहे. महाराष्ट्राने नगराध्यक्षांच्या थेट निवडीचा खेळ वारंवार मांडला आणि मोडला; कारण प्रत्येक वेळी निवडून कोण येईल याचा हिशेब झाला, निवडून आलेल्याने काय करावयाचे याचा झाला नाही. रिकाम्या हातांचा महापौर दहा नगरसेवकांनी निवडला काय आणि दहा लाख मतदारांनी निवडला काय, हात रिकामेच राहतील.

हे करावयाचे तर राज्य सरकारला स्वतःच्या हातातील सत्ता सोडावी लागेल, आणि मुंबईसारख्या शहरावरील पकड सोडण्यास कोणताही पक्ष उत्सुक नसतो. विरोधात असताना महापालिकेच्या स्वायत्ततेचा घोष करणारे सत्तेवर येताच तो विसरतात, हा सर्वपक्षीय अनुभव आहे. म्हणून ही मागणी पक्षांवर सोपवून चालणार नाही. ती करदात्यांनी लावून धरली पाहिजे. १८७१ मध्ये काही मूठभर करदात्यांनी आपल्या पैशाचा हिशेब मागितला आणि त्यातून हिंदुस्थानातील एक समर्थ नगरसंस्था जन्मास आली. आज करदाते आणि मतदार यांची संख्या त्या वेळेपेक्षा शेकडो पटींनी अधिक आहे. महापौरांची खुर्ची चार वर्षे रिकामी राहिली, याची खंत त्यांना वाटली नाही, कारण त्या खुर्चीकडून त्यांना काही मिळत नव्हते. ती आता पुन्हा भरली आहे. पुढच्या वेळी ती एक महिना जरी रिकामी राहिली, तरी शहराला चुकल्यासारखे वाटावे, इतके वजन तिला येईल, तेव्हाच ‘महापौर’ हा शब्द सार्थ झाला असे म्हणता येईल.